ट्रॅक्टरमध्ये डिझेल सुरक्षितपणे कसे भरावे आणि ते स्वच्छ कसे राखावे

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा डिझेल पंप किंवा नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) निकामी झाला, की दोष बहुधा पेट्रोल पंपावर मिळालेल्या डिझेलला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु पुष्कळदा डिझेल पेट्रोल पंपावरून स्वच्छच निघालेले असते आणि घाण त्यात नंतर मिसळते. ही घाण कॅनमध्ये, ड्रममध्ये, नरसाळ्यात आणि सर्वांत जास्त करून टाकीचे झाकण उघडे असताना शिरते. आगीचा धोकाही नेमका याच काही मिनिटांत सर्वाधिक असतो. म्हणून डिझेल भरण्याचे काम घाईगडबडीत, चालू इंजिनवर किंवा नवख्या मजुरावर सोपवून उरकण्याचे नाही. ज्याच्या हातात ट्रॅक्टर असतो त्यानेच ते ठरलेल्या क्रमाने करावे.

डिझेल सहजासहजी पेटत नाही, असा समज गावोगाव आढळतो. पेट्रोलच्या तुलनेत ते खरे आहे, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात आणि भारतीय मानकानुसार डिझेलसाठी तो किमान ३५ अंश सेल्सिअस इतकाच अपेक्षित आहे. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या ड्रमचे तापमान त्याहूनही अधिक असते. अशा दिवशी ड्रमचे बूच उघडले, की बाहेर येणारी वाफ पेटण्याजोगी असू शकते. शिवाय सांडलेले डिझेल कापसाच्या चिंधीत, पाचटात किंवा भुश्शात मुरले, की ते दिव्याच्या वातीसारखे सहज धरते.

स्वच्छतेचा हिशेबही असाच बारीक आहे. इंजिनाच्या डिझेल पंपातील प्लंजर (आत सरकणारा दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यामधील फट अवघी दोन-चार मायक्रॉनची असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. डोळ्यांना न दिसणारी माती या फटीत गेली, की ती पॉलिश कागदासारखी घासत राहते. पाणी गेले तर गंज चढतो आणि डिझेलचे वंगणही तुटते. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, नव्या ट्रॅक्टरांमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पट) वर जातो, त्यामुळे तेथे हे नुकसान अधिक लवकर होते आणि दुरुस्तीचा खर्चही मोठा येतो.

डिझेल घेताना आणि आणताना

पंप जवळ असेल तर ट्रॅक्टर थेट पंपावर नेऊन टाकी भरणे सर्वांत चांगले, कारण डिझेल जितक्या वेळा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाते तितक्या वेळा धूळ शिरण्याची संधी वाढते. पंपावर टँकर खाली होत असेल किंवा नुकताच झाला असेल, तर त्या वेळी डिझेल घेऊ नये. जमिनीखालच्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ आणि पाणी अशा वेळी ढवळून वर येते. मापाबद्दल शंका आली तर वैधमापन विभागाच्या शिक्क्याचे पाच लिटरचे माप तेथेच मागता येते, आणि त्या दिवशीची घनता फलकावर किंवा यंत्रावर पाहता येते. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो मागताना संकोच करण्याचे कारण नाही. पावती मात्र जपून ठेवावी, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर तिच्यावाचून बोलणे खुंटते.

कॅन इंधनासाठीच बनवलेला, घट्ट आट्यांच्या झाकणाचा आणि झाकणात वायसर शाबूत असलेला हवा. खाद्यतेलाचे डबे, कीटकनाशकांचे रिकामे कॅन किंवा पाण्याच्या बाटल्या वापरू नयेत. कीटकनाशकाच्या कॅनमध्ये कितीही धुतले तरी औषधाचा आणि पाण्याचा अंश राहतो, आणि उद्या तोच कॅन कोणी पाण्यासाठी उचलला तर जिवावर बेतते. डिझेलच्या कॅनवर रंगाने ठळक अक्षरांत 'डिझेल' असे लिहावे. पेट्रोलच्या कॅनचा रंग वेगळा असावा आणि दोन्ही कॅन एका रांगेत ठेवू नयेत.

कॅन भरून घेताना तो ट्रॉलीतून किंवा मोटारसायकलवरून उतरवून जमिनीवर ठेवावा. इंधन नळीतून वेगाने वाहते तेव्हा स्थिर वीज तयार होते. कॅन जमिनीवर असेल तर ती बऱ्याच अंशी जमिनीत निघून जाते, पण ट्रॉलीच्या रबरी चटईवर किंवा सीटवर तसे होत नाही आणि ठिणगी पडू शकते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भाग इतके कमी झाले आहे. गंधक काढून टाकण्याच्या प्रक्रियेत डिझेलची वीज वाहून नेण्याची क्षमताही घटते, त्यामुळे ही काळजी पूर्वीपेक्षा आता जास्त गरजेची आहे. पंपाची तोटी कॅनच्या तोंडाला टेकलेली ठेवावी, कॅन काठोकाठ भरू नये आणि वाहून नेताना तो उभा व बांधलेला असावा.

शेतावर ड्रम ठेवायचा असेल तर

नांगरटीच्या किंवा ऊस वाहतुकीच्या हंगामात दररोज पंपावर जाणे परवडत नाही, म्हणून अनेक जण दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल 'ब' वर्गात मोडते आणि एका ठिकाणी एकूण २५०० लिटरपर्यंतच्या साठ्याला, कोणतेही एक भांडे १००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर, परवाना लागत नाही. परवाना लागत नाही याचा अर्थ ड्रम ओसरीत ठेवावा असा नाही. तो राहत्या घरापासून, गोठ्यापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि विजेच्या मोटारीच्या स्टार्टरपेटीपासून दूर, सावलीत आणि हवेशीर जागी असावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळही तो नको, कारण गळती झाली तर डिझेल मातीतून पाण्यात उतरते आणि ते पाणी नंतर पिण्याजोगे राहत नाही.

ड्रम साध्या लोखंडी पत्र्याचा किंवा इंधनाला चालणाऱ्या प्लास्टिकचा घ्यावा. आतून जस्ताचा मुलामा असलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड ड्रम टाळावा. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखे पदार्थ तयार होतात आणि ते फिल्टर तुंबवतात. तांब्यामुळेही डिझेल लवकर खराब होते, म्हणून तांब्याची नळी किंवा भांडे वापरू नये.

उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रममध्ये पाणी कसे जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. पावसाचे पाणी ड्रमच्या वरच्या कड्यात साचते. दिवसा ड्रम तापतो आणि आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांमधून थोडी बाहेर पडते. रात्री ड्रम निवतो, आतली हवा आकसते आणि बुचावर साचलेले पाणी त्याच आट्यांमधून आत ओढले जाते. बूच घट्ट बसवले होते, एवढ्याने हे थांबत नाही. म्हणून ड्रम छपराखाली ठेवावा. ते शक्य नसेल तर एका बाजूला वीट लावून तो असा कलता करावा, की पाणी बुचांपासून दूर राहील. घोड्यावर, म्हणजे उंच चौकटीवर, आडवा ठेवलेला ड्रम सर्वांत सोयीचा: तोटीची बाजू किंचित उंच आणि मागची बाजू किंचित खाली ठेवली, की पाणी व गाळ मागे जमतो आणि तोटीतून स्वच्छ डिझेल येते.

ड्रममध्ये नवे डिझेल ओतल्यावर किमान २४ तास ते हलवू नये; गाळ आणि पाणी तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो. ड्रम रिकामा होत आला, की तळाचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालू नये. ते वेगळे काढून दोन-तीन दिवस बाटलीत निवळू द्यावे आणि तळ पाहून मगच काय करायचे ते ठरवावे. भरल्याची तारीख ड्रमवर खडूने लिहावी, जुना साठा आधी संपवावा आणि पावसाळ्यात एका हंगामाहून अधिक काळ डिझेल साठवू नये.

ड्रममधून डिझेल काढायला हाताने फिरवायचा पंप किंवा दाबून चालणारा सायफन पंप वापरावा. त्याची किंमत फार नाही. नळी तोंडाने ओढण्याची सवय मात्र आजच सोडावी. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुफ्फुसांना गंभीर सूज येते आणि धडधाकट तरुणही त्यात दगावू शकतो.

प्रत्यक्ष टाकी भरताना

दिवसाचे काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरणे हे उत्तम. रात्री टाकीतली हवा निवते तेव्हा तिच्यातील बाष्प टाकीच्या पत्र्याला आतून थेंबांच्या रूपाने धरते आणि ओघळून डिझेलच्या तळाशी जाते. टाकी जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त आणि तितके पाणी जास्त. रब्बीच्या दिवसांत, जेव्हा दुपार तापलेली आणि पहाट गारठलेली असते, तेव्हा हे पाणी लवकर साचते. सकाळी भरण्याने ही अडचण सुटत नाही, कारण रात्रीचे पाणी तोवर आत आलेले असते.

तथापि संध्याकाळी इंजिन तापलेले असते, हे विसरून चालणार नाही. अनेक ट्रॅक्टरांमध्ये टाकी इंजिनाच्या मागे, स्टिअरिंगच्या पुढे आणि सायलेन्सरपासून हातभर अंतरावर असते. सांडलेले डिझेल थेट गरम भागांवर ओघळू शकते. म्हणून ट्रॅक्टर मोकळ्या, सपाट जागी उभा करावा, औजार खाली टेकवावे, गिअर न्यूट्रलमध्ये टाकून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी आणि किमान पंधरा-वीस मिनिटे थांबावे. रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालवल्यानंतर बोनेटखाली आणि टाकीभोवती भुसा अडकलेला असतो, तो या वेळात झाडून घ्यावा. साखर कारखान्याच्या गाडीतळावर रांगेत उभे असताना आसपास तोडणी कामगारांच्या चुली पेटलेल्या असतात. तेथे कॅन उघडण्यापूर्वी ट्रॅक्टर बाजूला नेणे अगत्याचे आहे. बंद शेडमध्ये भरू नये.

यानंतरचा क्रम असा ठेवावा. प्रथम झाकण न उघडता झाकणावरची आणि भोवतालची धूळ ब्रशने झाडावी व ओलसर फडक्याने पुसावी. कोरड्या फडक्याने नुसती झटकली तर ती उडून पुन्हा तेथेच बसते. वारा सुटला असेल तर ट्रॅक्टर आडोशाला घ्यावा किंवा वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. मग झाकण उघडून ते आतली बाजू वर करून स्वच्छ फडक्यावर ठेवावे, मडगार्डवर ठेवू नये. टाकीच्या तोंडात कंपनीने दिलेली जाळी असते. डिझेल लवकर उतरावे म्हणून ती काढून टाकलेले अनेक ट्रॅक्टर दिसतात. ती परत बसवून घ्यावी.

नरसाळे फक्त डिझेलचेच असावे, त्यात बारीक पितळी नव्हे तर स्टीलची जाळी असावी आणि काम झाल्यावर ते प्लास्टिक पिशवीत उलटे बांधून ठेवावे. शेडच्या खिळ्याला उघडे टांगलेले नरसाळे हे धुळीचे भांडेच असते. जाळीवर जुने धोतर किंवा साडीचा तुकडा टाकून गाळण्याची पद्धत सर्रास आहे, पण तिच्यातून दोरे आणि तंतू सुटून टाकीत जातात आणि पुढे नळीच्या तोंडाशी अडकतात. कापड वापरायचेच असेल तर दोरे न सोडणारे, घट्ट विणीचे नायलॉन वापरावे. पाणी कापडातूनही गाळले जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

ओतण्यापूर्वी हात ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडी भागाला लावावा आणि लोखंडी कॅन असेल तर तो टाकीच्या तोंडाला टेकवून ठेवावा, म्हणजे स्थिर विजेचा फरक राहत नाही. डिझेल संथ धारेने ओतावे. कॅनच्या तळाचे दोन बोटे डिझेल टाकीत घालू नये, कारण घाण असते ती तेथेच. बिडी-सिगारेट ओढणारा माणूस जवळ असू नये आणि लहान मुलांना कॅन धरायला लावू नये. रात्री भरावे लागले तर बॅटरीवर चालणारी विजेरी वापरावी. कंदील किंवा काडी कधीही नको.

टाकी काठोकाठ भरू नये. डिझेल तापले की फुगते: ६० लिटर डिझेलचे तापमान २० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान सुमारे एक लिटरने वाढते. गळ्यापर्यंत भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी उन्हात उभी राहिली, की हे जादा डिझेल झाकणातून ओघळून इंजिनावर येते. म्हणून तीन-चार बोटे जागा सोडावी. झाकण लावताना त्यातील बारीक छिद्र चिखलाने बुजलेले नाही ना हे पाहावे. या छिद्रातून हवा आत जात नसेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि ट्रॅक्टर चालता चालता बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो आणि पुन्हा बंद पडतो. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी झाकण सैल करून पाहिले तर अनेकदा दोष तेथेच सापडतो. झाकण हरवले म्हणून प्लास्टिकचा कागद सुतळीने बांधणे हा उपाय नव्हे. त्याच मापाचे झाकण विकत आणावे.

सांडलेले डिझेल पुसून घ्यावे, जमिनीवरच्या डागावर कोरडी माती टाकावी, कॅन बंद करून दूर ठेवावा आणि मगच इंजिन चालू करावे. डिझेल लागलेल्या चिंध्या टूलबॉक्समध्ये किंवा बोनेटखाली कोंबू नयेत.

पाण्याची वाटी, फिल्टर आणि हवा काढणे

बहुतेक ट्रॅक्टरांना पहिल्या फिल्टरच्या खाली पाणी जमण्याची वाटी असते. सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी तिचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढावे. रात्रभरात पाणी खाली बसलेले असते, म्हणून हे काम सकाळीच करायचे. बाटली उजेडात धरून तिरकी करावी. चांगले डिझेल नितळ आणि चमकदार दिसते. पाणी असेल तर तळाशी गोल थेंब दिसतात. बाटली कलली की ते काचेवरून घरंगळतात, पण डिझेलमध्ये मिसळत नाहीत. संपूर्ण बाटली धुरकट दिसत असेल तर पाणी बारीक कणांच्या रूपात मिसळलेले आहे. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत पापुद्रा दिसला तर ती बुरशी आणि जिवाणूंची वाढ आहे. ती पाण्यावाचून होत नाही. नुसता फिल्टर बदलून ती जात नाही, टाकी पूर्ण रिकामी करून आतून साफ करावी लागते.

वाटीत रोज पाणी येत असेल तर काढत बसण्याऐवजी ते येते कोठून याचा शोध घ्यावा. ट्रॅक्टर धुताना प्रेशरचे पाणी झाकणावर मारले जाते का, ड्रम उघड्यावर आहे का, झाकणाचा वायसर फाटला आहे का, ही ठिकाणे आधी तपासावीत.

फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार बदलावा. मळणीच्या आणि धुळवाफ पेरणीच्या हंगामात तो त्याआधी बदलला तरी पैसे वाया जात नाहीत. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये. धुतल्याने कागदाची छिद्रे फाटतात आणि पूर्वी अडलेला गाळ पुढे जातो. नवा फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने आधीच भरू नये, विशेषतः दुसरा फिल्टर, कारण ते न गाळलेले डिझेल थेट पंपात जाते. रबरी रिंग नवी लावावी आणि भोवतालचा भाग आधी पुसून घ्यावा.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर हवा धरतो, म्हणजे इंधनाच्या मार्गात हवा शिरते. तेव्हा सेल्फ (स्टार्टर) मारत राहिल्याने बॅटरी उतरते आणि सेल्फ जळतो. जुन्या पद्धतीच्या पंपावर फिल्टरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) दाबत राहावे. आधी फेसाळ आणि मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येऊ लागले, की प्रायमर दाबलेल्या स्थितीतच स्क्रू आवळावा. त्यानंतर हीच कृती पंपाच्या एअर स्क्रूवर करावी. कॉमन रेल ट्रॅक्टरमध्ये मात्र उच्च दाबाच्या नळीचा नट कोणत्याही परिस्थितीत सैल करू नये. तेथे पुस्तिकेत दिलेली पद्धतच पाळावी किंवा अधिकृत मेकॅनिकला बोलवावे.

ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर टाकी वर सांगितलेली जागा सोडून भरून ठेवावी, वाटीतले पाणी काढावे आणि ट्रॅक्टर छपराखाली ठेवावा. पुन्हा काढताना आधी वाटी रिकामी करावी.

काही विपरीत घडल्यास

डिझेलच्या आगीवर पाणी मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. कोरडी पावडर असलेला अग्निशामक, कोरडी वाळू किंवा माती वापरावी. एक अग्निशामक शेडच्या दाराशी आणि वाळूची बादली ड्रमजवळ असावी. डिझेल पोटात गेले तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. डिझेलने भिजलेले कपडे लगेच बदलावेत आणि त्या कपड्यांनिशी चुलीजवळ जाऊ नये.

चालू इंजिनात उच्च दाबाच्या नळीतून गळती वाटली तर ती बोटाने तपासू नये. ती धार कातडीत घुसू शकते. जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतल्या आत मांस सडू लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. इंजिन बंद करूनच पाहणी करावी, आणि अशी जखम झाली तर मलम न लावता त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन डिझेल आत गेल्याचे स्पष्ट सांगावे.

टाकी किंवा ड्रम फुटला म्हणून रिकामा करून वेल्डिंगला देण्याची चूक जीवघेणी ठरते. रिकाम्या टाकीत डिझेल नसले तरी वाफ असते, आणि बंद जागेतील वाफ ठिणगीने पेटली की स्फोट होतो. टाकी बदलावी किंवा वाफ पूर्ण काढण्याची सोय असलेल्या कारागिराकडेच न्यावी.

डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल ओतले गेले तर थोडेच आहे म्हणून वरून डिझेल टाकून चालवू नये. पेट्रोल थोडे मिसळले तरी फ्लॅश पॉइंट झपाट्याने खाली येतो आणि पंपाचे वंगणही जाते. चावी फिरवू नये, ट्रॅक्टर ढकलून मोकळ्या जागी न्यावा, बॅटरीची वायर काढावी, टाकी खालच्या प्लगमधून पूर्ण रिकामी करावी आणि काढलेले मिश्रण झाकणबंद, नाव लिहिलेल्या लोखंडी कॅनमध्ये वेगळे ठेवावे.